एक ओळ नेमके काय सांगते?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

गावच्या दूध संकलन केंद्राच्या नोंदींची तू पाठवलेली एक्सेलची फाइल मी बारकाईने पाहिली. तारीख, वेळ, सभासदाचे नाव, बँक खाते, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक), दर आणि रक्कम असे सारे तू एकाच पानावर लिहीत आली आहेस आणि दर दहा दिवसांचे बिल त्यातूनच काढतेस. हे सारे डेटाबेसमध्ये न्यायचे, तर त्याच्याशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या कोणत्या आज्ञांपासून सुरुवात करावी, असे तू विचारले आहेस. माझा आग्रह आहे की पहिला आठवडाभर एकही आज्ञा शिकू नये.

त्याऐवजी कागद घेऊन फाइलमधली कोणतीही एक ओळ पूर्ण वाक्यांत लिहून काढ. ‘सभासद ४२ यांनी ३ तारखेला सकाळी ६.५ लिटर म्हशीचे दूध घातले आणि त्याचे फॅट ७.१ लागले’ हे एक वाक्य झाले. ‘सभासद ४२ यांचे बँक खाते अमुक आहे’ हे दुसरे, आणि ‘अमुक फॅटला १ तारखेपासून अमुक दर आहे’ हे तिसरे. पहिले रोज दोनदा नव्याने घडते, दुसरे वर्षानुवर्षे तसेच राहते, तिसरे दरपत्रक बदलले की बदलते. तिन्ही एकाच ओळीत कोंबल्यामुळे वर्षभरात एका सभासदाचे खाते ७३० वेळा लिहिले जाते. ते बदलताना एक जरी ओळ सुटली तरी फाइलमध्ये एकाच माणसाची दोन खाती उरतात आणि खरे कोणते, हे फाइल सांगू शकत नाही. म्हणून तीन प्रकारच्या वाक्यांचे तीन तक्ते करावेत.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना १९७० साली माहिती अशा तक्त्यांत ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली, तेव्हा त्यांचे मुख्य म्हणणे असे होते की माहिती यंत्रात कुठे आणि कोणत्या क्रमाने ठेवली आहे, हे ती वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये. एक्सेलमध्ये आपण जागेवर विसंबतो. माझ्या उमेदीच्या काळात एका यादीतला एकच रकाना चुकून सॉर्ट झाला आणि एकाच्या नावापुढे दुसऱ्याची रक्कम आली. ते लक्षात यायला तीन दिवस लागले, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे. डेटाबेसमध्ये ओळींच्या क्रमाला अर्थ नसतो. तक्ते एकमेकांशी जुळतात ते सभासद क्रमांकासारख्या मूल्यावरून.

म्हणूनच प्रायमरी की, म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारे मूल्य, ठरवताना घाई करू नकोस. गावात एकाच नावाची दोन माणसे असतात, तेव्हा नाव बाद. संकलनाच्या तक्त्यासाठी तारीख, वेळ, सभासद क्रमांक आणि गाय की म्हैस एवढे पुरेल असे वाटते. पण एखादा सभासद एकाच सकाळी म्हशीच्या दुधाच्या दोन किटल्या वेगवेगळ्या मापून देतो का, हे काट्यावर बसणाऱ्यालाच विचारले पाहिजे. देत असेल, तर ती की दुसरी खरी नोंद नाकारील.

एका ठिकाणी मात्र ‘एक गोष्ट एकदाच लिहावी’ हा पुस्तकातला नियम आंधळेपणाने लावू नये. दर दरपत्रकात आहे, मग तो संकलनाच्या ओळीत पुन्हा का लिहावा, अशी शंका तुला येईल. माझ्या मते लिहावा, कारण त्या दिवशी प्रत्यक्ष लावलेला दर ही स्वतंत्र घटना आहे. पुढे कोणी दरपत्रकातली चूक दुरुस्त केली तरी वाटून झालेले बिल बदलता कामा नये.

सरावासाठी एसक्यूएलाइट हा छोटा डेटाबेस प्रोग्रॅम घे. त्याला सर्व्हर लागत नाही आणि सारा डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो. फक्त त्यात फॉरेन कीची, म्हणजे एका तक्त्यात लिहिलेला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात खरोखर आहे का याची, तपासणी सहसा मुळात बंद असते, ती दर वेळी डेटाबेस उघडल्यावर प्रॅग्मा आज्ञेने चालू करावी लागते. नाहीतर अस्तित्वातच नसलेल्या सभासदाच्या नावावर दूध जमा होईल.

पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी भरून झाल्या की जॉइन (तक्ते जोडणारी) आणि ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणारी) या आज्ञा वापरून प्रत्येक सभासदाची बेरीज काढ आणि तुझ्या एक्सेलच्या बिलाशी ताडून पाहा. एका रुपयाचाही फरक आला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस आणि सापडले की मला कळव. किटल्यांविषयी काय उत्तर मिळाले, तेही लिही.

तुझा हितचिंतक