ऑफिस दुसरीकडे हलवतोय. जुन्या जागेच्या भाडेकराराप्रमाणे आमच्यावर काय काय येतं?

तुम्ही लिहिलंय की करार संपायला पाच महिने आहेत, नवी जागा ठरली आहे आणि शेवटच्या आठवड्यात सामान हलवायचा बेत आहे. हा बेत बदला. तुमची जबाबदारी सामान निघाल्यावर संपत नाही. करारात लिहिलेल्या अवस्थेत जागा मालकाच्या ताब्यात दिली की मगच संपते. मुदतीनंतर ताबा राहिला तर दुप्पट भाडं, असं कलम बऱ्याच करारांत असतं. तेवढं आजच बघून घ्या.

नोटीशीचं कलम नीट वाचा. काही करार मुदत संपली की आपोआप संपतात, काही तुम्ही गप्प बसलात तर पुढे चालू राहतात. नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर, करारात सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवा. मॅनेजरला केलेला मेसेज नोटीस धरला जाईलच असं नाही, आणि दिवस बहुधा नोटीस पोचल्यापासून मोजतात. लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, शिल्लक असेल तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. अशा वेळी पोटभाडेकरू ठेवता येतो का किंवा करार दुसऱ्याच्या नावे करता येतो का, ते बघा. दोन्हीला मालकाची लेखी संमती लागतेच असं धरून चाला.

खरा वेळ आणि पैसा जातो तो जागा पूर्ववत करण्यात. जागा घेतली तेव्हा बेअर शेल (नुसत्या भिंती आणि छत, आत काहीच केलेलं नाही अशी) होती की तयार, हे ताबा घेतानाच्या फोटोंवरून आणि नकाशांवरून ठरतं. तुम्ही घातलेली पार्टिशन, केबिन, पॅन्ट्री, फॉल्स सीलिंग काढावी लागतील. ठेवायची असतील तर मालकाकडून तसं लेखी घ्या, कारण ‘राहू द्या, चालेल’ हे तोंडी वाक्य डिपॉझिटच्या हिशेबात कुणालाच आठवत नाही.

सर्वात जास्त अडतं स्प्रिंकलरवर, म्हणजे आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेवर. केबिन करताना तिचे हेड, म्हणजे पाणी फवारणारी तोंडं, सरकवलेले असतात. ते मूळ जागी आणायचे तर त्या मजल्याची लाइन बंद करून पाणी काढावं लागतं. त्यासाठी इमारतीची आगाऊ परवानगी लागते, आणि ती बहुधा रात्रीची किंवा सुट्टीच्या दिवसाचीच मिळते. एक तारीख हुकली की आठवडा गेला. दुसरी अडचण केबलची. सीलिंगवर साठलेली जुनी डेटा केबल दोन्ही टोकं छाटून तशीच सोडतात. तपासणीत एक टाइल उचलली की सगळं दिसतं. केबल ओढून काढल्यावर आगरोधक भिंतीत राहिलेली भोकं आगरोधक सीलंटनेच बुजवा. तिथे पीओपी चालत नाही.

नेहमीच्या वापराने होणारी झीज बहुतेक करारांत वगळलेली असते. उन्हाने विटलेला कार्पेट हा झिजेचा भाग, पण टीव्हीच्या ब्रॅकेटची भोकं तुमची.

म्हणून तारखा शेवटाकडून मोजा. मध्यम आकाराच्या ऑफिसला तोडफोड आणि दुरुस्तीला 3 ते 4 आठवडे, संयुक्त पाहणी आणि राहिलेली कामं करायला 2 आठवडे धरा. म्हणजे सामान मुदतीच्या 6 आठवडे आधी बाहेर हवं. तेवढे दिवस दोन्हीकडचं भाडं आणि मेंटेनन्स द्यावा लागू नये म्हणून नव्या मालकाकडे फिट-आउटसाठी, म्हणजे आतलं काम करून जागा तयार करायला, बिनभाड्याची मुदत आत्ताच मागा. सही झाल्यावर कोणी देत नाही. जुन्या जागेचा विमा आणि वीज ताबा देईपर्यंत बंद करू नका. कामगारांना वीज लागते, आणि नुकसान जास्त करून तोडफोडीतच होतं.

ताबा देताना ताबापावती करा: तारीख, मीटरचं रीडिंग, किल्ल्या आणि ॲक्सेस कार्डं किती, दोघांच्या सह्या. किल्ल्या वॉचमनकडे ठेवून जाणं म्हणजे ताबा देणं नव्हे. शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या, असं परस्पर सांगू नका. करारात तशी सोय नसेल तर ती थकबाकीच ठरते, आणि मग दुरुस्तीच्या वादात तुमची बाजू लंगडी पडते. विजेचं अंतिम बिल नंतर येतं, तेवढ्यापुरती ठरावीक रक्कम अडकवून बाकी डिपॉझिट ताब्याच्या दिवशीच मिळावं, असं आधी लेखी ठरवून घ्या.