प्लास्टिकची पट्टी घासली की कागदाचे कपटे उचलते, स्टीलची का नाही? धातूवर घर्षणाने चार्ज येतच नाही का?

येतो. स्टीलवरही येतो, तुम्ही पट्टी नुसत्या हातात धरता म्हणून टिकत नाही एवढंच. "धातूवर घर्षणाने चार्ज येत नाही" हे पोरांकडून पाठ करून घेणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

शाळेत चूक की बरोबरमध्ये आम्हाला हेच विधान आलं होतं. मी 'चूक' लिहिलं, कारणही दिलं, सरांनी लाल रेघ मारून मार्क कापले. विचारायला गेलो तर म्हणे पुस्तकात आहे तेवढंच लिहायचं. मग मी घरी स्टीलच्या दांड्याला पीव्हीसी पाइपची मूठ बसवली, काचेच्या बरणीत तारेला फॉइलच्या दोन बारीक पट्ट्या टांगून विद्युतदर्शी (चार्ज आला की पट्ट्या फाकतात असं साधन) बनवला, स्टीलला अजिबात हात न लावता दांडा पॉलिथिनच्या पिशवीने खसाखसा घासला आणि वरच्या तारेला टेकवला. पट्ट्या लगेच फाकल्या! मग दांडा तसाच टेकवून ठेवून स्टीलला बोट लावलं, तर पट्ट्या झटकन मिटल्या. हे सगळं उचलून शाळेत नेलं, पण सरांनी बघितलंसुद्धा नाही.

होतं असं की दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात, घासल्याने फक्त जास्त जागा नीट टेकते. प्लास्टिकवर ते जिथल्या तिथे अडकून राहतात, स्टीलमध्ये दांडाभर पसरतात आणि हातातून, अंगातून जमिनीत जातात. चार्ज असतोच मुळी काही नॅनोकूलॉम (कूलॉम हे चार्जचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग), तो घालवायला आपलं अंग भरपूर झालं. आणि अंग तर स्वतःच वाहक आहे, तरी रबरी तळव्याचे बूट घालून गालिच्यावर चाललं की दाराच्या कडीला चटका बसतोच ना? तो जाणवतो तेव्हा अंगावर साधारण 3,000 व्होल्ट तरी असतात. म्हणजे वाहकावर चार्ज राहतो, फक्त जमिनीकडे जायची वाट बंद पाहिजे.

हे काही आजचं नाही. स्टीफन ग्रे हा इंग्रज प्रयोगकर्ता 1729 मध्ये लांब दोरीतून चार्ज पाठवत होता, दोरी रेशमी धाग्यांवर टांगलेली. धागा तुटला म्हणून पितळेची तार लावली तर चार्ज पुढे जाईचना, सगळा तारेतून निघून गेला. टांगायला काय वापरलंय यावरच सगळं अवलंबून आहे हे तेव्हाच कळलं होतं, आणि आपल्याकडे अजून मार्क कापतात.

तुमचेही कोणी कापले असतील तर पेपर घेऊन परत जा आणि मूठवाला दांडा सोबत न्या, नुसतं तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. फक्त मूठ धुऊन खडखडीत वाळवा, दमट हवेत करू नका (पाण्याच्या थरातून चार्ज निसटतो), दांड्याला टोकदार कडा नको. आणि हो, पेट्रोल किंवा गॅसच्या आसपास असले प्रयोग अजिबात नाही, तिथे एक ठिणगी पुरते.