वाचकांचे प्रश्न : फुलपाखरू कागदाचं, घावनाचं आणि कढीपत्त्यावरचं

प्रश्न : बालवाडीत घडीचित्राची फुलपाखरं करून घेतो. निम्म्यांची तपकिरी राड होते, उरलेली दोन दिवसांत वाकडी होतात. काय चुकतं? (गुहागर)

राड होते ती रंग जास्त आणि पातळ झाल्यामुळे. पोस्टर कलर पाणी न घालता, आहे तसाच घ्या. एका बाजूच्या पंखांना चण्याएवढे पाच-सहा ठिपके पुरतात. बाटली मुलांच्या हाती देऊ नका, आइस्क्रीमच्या काडीने रंग द्या. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र दाबले की तपकिरीच होणार, म्हणून एका मुलाला दोनच रंग. कागदाची घडी आधी घालून उलगडून ठेवा. रंग एकाच बाजूला लावायचा आणि घडी मिटल्यावर तळवा घडीकडून बाहेर सरकवत दाबायचा. लगेच उलगडा, नाहीतर कागद एकमेकांना चिकटून सोलतो.

वाकडं होण्याचं कारण पातळ कागद. ओल एकाच बाजूने लागते आणि तो वळतो. २०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, पाकिटावर छापलेलं असतं) किंवा त्याहून जाड कार्डशीट घ्या. पावसाळ्यात चित्रं दोरीला चिमट्याने टांगून पंख्याखाली वाळवा, हाताला गार लागेनाशी झाली की रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा आणि मगच कापा. मिशांसाठी खराट्याचा हीर आहेच. शेंड्याकडचे बारीक तुकडे घ्या आणि टोकाला कागदाची गोळी चिकटवा. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असतेच, शिवाय हीर डोळ्याला लागण्याची भीती कमी होते. चारही पंख आणि सहाही पाय छातीलाच जोडा. बाजारातल्या बऱ्याच नमुन्यांत ते पोटाला चिकटवलेले दिसतात. काळ्या कार्डावर फिकट निळा रंग वापरलात तर आपलं राज्य फुलपाखरू होईल, ब्लू मॉरमॉन, २०१५ साली जाहीर झालेलं. त्याला शेपट्या काढू नका, नसतात.

प्रश्न : अंगणवाडीच्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आहे. मुलांना दाखवायला बरणीत ठेवली तर जगेल का? हाताला खाज येईल का? (मालवण)

जगेल, आणि खाज येणार नाही. ती लाइम किंवा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी असावी. दोन्ही कढीपत्ता आणि लिंबावर अंडी घालतात. शिटेचं सोंग लहानपणापुरतं, शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते. छेडलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुबेळकं शिंग काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना याची फार गंमत वाटते, पण पुन्हा पुन्हा छेडू देऊ नका. केसाळ सुरवंटाला मात्र कुणीही हात लावायचा नाही.

रुंद तोंडाची मोठी बरणी घ्या, झाकणाऐवजी मलमलचं कापड रबरबँडने बांधा. कढीपत्त्याची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा. हे विसरलं तर अळी पाण्यात उतरून बुडते. एका बरणीत दोनच अळ्या. पानं त्याच झाडाची, रोज ताजी, पुसून कोरडी केलेली. बाजारची जुडी नको, तिच्यावर फवारणी असू शकते आणि धुऊनही अळी मरते. विष्ठा रोज काढा, आपल्या दमट हवेत एका रात्रीत बुरशी धरते. बरणी उन्हात ठेवू नका.

अळीची अवस्था साधारण दोन आठवडे आणि कोषाची दहा-बारा दिवस, थोडं मागेपुढे. खाणं थांबवून अळी फिरू लागली की आत एक खडबडीत काठी उभी ठेवा. तिथे ती रेशमी धाग्याचा पट्टा बांधून कोष करते. तो सोडवू नका. भोवती वीतभर मोकळी जागा हवी, कारण बाहेर आल्यावर पंख लोंबकळत सुकतात. जागा नसेल तर ते चुरगळलेलेच राहतात. फुलपाखरू बाहेर आल्यावर लालसर थेंब पडतात. मुलं घाबरतील, तेव्हा ते रक्त नाही हे आधीच सांगून ठेवा. पंख पूर्ण ताठ झाले की बागेत सोडा. कधी कोषाला भोक पडून माशी किंवा बारीक गांधीलमाशी निघते, ती आत वाढलेली परजीवी असते. तुमच्या हातून काही चुकलेलं नसतं.

प्रश्न : मुलीच्या चौथ्या वाढदिवसाला फुलपाखराच्या आकाराचा खाऊ करायचाय. केक नको. (देवगड)

घावन करा. तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी सव्वादोन वाट्या, मीठ. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळूनच घाला. तवा चांगला तापलेला नसेल तर चिकटतं, पीठ घट्ट असेल तर जाळी पडत नाही. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद, हिरव्यासाठी वाटलेला पालक. बिटाचा रंग तव्यावर फिका पडतो, तो चटणीत वापरा. घावनं एकावर एक रचू नका, कापडावर दोन मिनिटं निवू द्या. गरम कापली तर फाटतात. मग एका घावनाचे चार तुकडे करून टोकं मध्याकडे ठेवा, खालचे दोन थोडे छाटा आणि मधे केळ्याची फोड.

गोडात आंबापोळी. कात्रीला तूप लावून पंख कापा, आणि तेही वाढण्याच्या थोडं आधी, कारण दमट हवेत त्या चिकटून बसतात. मिशा काकडीच्या सालीच्या. खाऊत हीर किंवा टूथपिक नको. अख्खी द्राक्षं आणि शेंगदाणे या वयात घशात अडकतात, द्राक्षं उभी चिरून द्या. प्यायला कोकम सरबत नळीने. अळी कुरतडते आणि फुलपाखरू सोंडेने ओढून पितं, हे तिथेच दाखवून होतं.

प्रश्न : तक्त्यावर फुलपाखरू रेशमाच्या कोषातून निघताना दाखवलंय. बरोबर आहे का? (दापोली)

नाही. रेशमाचं वेटोळं बरेचसे पतंग करतात. फुलपाखराचा कोष उघडा असतो, वर फक्त टणक कवच. तक्ता बदला किंवा त्या चित्रावर दुसरं चिकटवा.

प्रश्न : किनाऱ्यालगत रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आहेत. त्याही मुलांकडून पाळून घ्याव्यात का? (वेंगुर्ले)

झाडावरच दाखवा. त्या प्लेन टायगर फुलपाखराच्या असाव्यात, आणि त्यांना रोज रुईची पानं तोडून द्यावी लागतील. तिचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. हाताला लागला तर साबणाने धुवा, डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्या.