डार्क साइड ऑफ द मून की लेड झेपलिन ४: पहिले कोणता ऐकावा?

प्रश्न यवतमाळकडच्या खेड्यातला आहे. दोन्ही रॉक अल्बम: 'डार्क साइड' पिंक फ्लॉइड या बँडचा, 'झेपलिन ४' लेड झेपलिन या बँडचा. ऐकायला ट्रॅक्टरचा स्पीकर आणि एक साधा हेडफोन, नेट अधूनमधून. मग साधनावरूनच ठरवा.

ट्रॅक्टरवर झेपलिन (१९७१). पिंक फ्लॉइडचा अल्बम (१९७३) हृदयाच्या हलक्या ठोक्यांनी सुरू होतो, ते इंजिनाच्या आवाजात बुडतात. आवाज वाढवून ठेवला, तर पुढे घड्याळांचा गजर एकदम कानठळ्या बसवतो. झेपलिनचा ड्रम मात्र दणकट. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यासाठी त्यांचा ड्रमर बॉनम याचा सेट जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये मांडला आणि माइक वर जिन्यात टांगले. तो घुमारा बराचसा त्या जागेचा आहे.

फ्लॉइड रात्री, हेडफोनवर, सलग ४३ मिनिटं. घरी नेट असताना पूर्ण अल्बम डाउनलोड करा, शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवणं) शून्यावर, गॅपलेस (मध्ये खंड न पाडता वाजवणं) चालू. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. सुट्या एमपीथ्री फाइल लावल्या की जोडावर खटका बसतो आणि अर्धी मजा तिथंच जाते.

फ्लॉइडचं 'मनी' ऐकताना हातावर मात्रा मोजा. सात येतात, रूपक तालाइतक्याच. खंजिरी भजनात ठेका धरणाऱ्याला ते लवकर सापडेल. गिटारचा सोलो आला की चार होतात, तिथं भलेभले चुकतात!

गाणं म्हणून सुटं काढलं तर झेपलिन जिंकतो. पण 'स्टेअरवे टू हेवन'मध्ये ड्रम सव्वाचार मिनिटांनंतर येतो, आधीच पुढं ढकलू नका. अल्बम म्हणून माझं मत फ्लॉइडलाच.