गेममधले कॉइन २१४ कोटींवर का अडकले?

प्रश्न : नमस्कार. भाचा सुट्टीत आलाय, दिवसभर मोबाईलवर ट्रॅक्टरचा कुठलातरी गेम खेळतो. त्याचे कॉइन २१४७४८३६४७ ला जाऊन थांबले, पुढे सरकतच नाहीत. वर मला सांगतो, मामा ही मूळ संख्या आहे, कशानेच भाग जात नाही. मी केळीच्या हिशोबाच्या वहीत भागत भागत ९७ पर्यंत आलो अन् नाद सोडला. एवढं कोणी तपासलं असेल, आणि कसं? – एक केळीवाला, सावदा

उत्तर : भाऊ, भाचा खरं बोलतोय. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात, वजा १. एवढी रोपं घेतली तर सारख्या ओळींत बसणारच नाहीत, एकच लांबलचक ओळ लावावी लागेल (रावेरपासून कुठपर्यंत जाईल ते तुम्हीच काढा). ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७७२ मधे हे सिद्ध केलं, आणि तेही हाताने.

तुमची पद्धत चुकीची नाही, फक्त लांबची आहे. भागत वर्गमूळापर्यंतच जायचं असतं, इथे ४६३४० पर्यंत, कारण त्यापुढचा भाजक असेल तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडतो. तरी तेवढ्यात पावणेपाच हजारांवर मूळ संख्या येतात. ऑयलरने चाळणी लावली. घात ३१ सारखा विषम मूळ असला की भाजकाला घाताच्या दुपटीने भागून १ च उरतो, आणि ८ ने भागून १ किंवा ७.

वहीत करून बघा. २ चा १३ वा घात वजा १ म्हणजे ८१९१, वर्गमूळ ९० च्या आसपास. २६ ने भागून १ उरणारे तिथपर्यंत तीनच, २७, ५३, ७९. त्यातले ८ च्या अटीत पहिले दोन बाद, राहिला ७९. भागलं तर बाकी ५४. संपलं, एका भागाकारात ८१९१ मूळ! आता ११ वा घात वजा १ घ्या, २०४७. २२ ने भागून १ उरणारा पहिलाच २३, आणि २३ × ८९ = २०४७, म्हणजे ही मूळ नाही. तुमच्या भाच्याच्या संख्येला याच चाळणीतून पावणेचारशेच्या आत आकडे उरतात, म्हणजे चार-पाच संध्याकाळचं काम, लाईट गेली तरी चालेल.

आणि कॉइन अडकले त्याचा मूळ असण्याशी काही संबंध नाही हं. कॉम्प्युटर आकड्याला बऱ्याचदा ३२ बिट (म्हणजे ० किंवा १ लिहायच्या जागा) देतो, एक अधिक-उणेच्या खुणेला जातो, उरतात ३१, आणि त्यांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ते मूळ निघालं हा नुसता योगायोग, कारण १६ बिटवाल्या जुन्या मशीनची हद्द ३२७६७ होती आणि ती ७ × ३१ × १५१ आहे. हद्दीवर आणखी एक कॉइन दिला तर बऱ्याचदा आकडा थेट उणे २१४ कोटींवर उडी मारतो, म्हणून गेमवाल्याने तिथेच ब्रेक लावला असणार. जी जुनी सिस्टीम १९७० पासूनचे सेकंद याच ३१ बिटांत मोजते तिचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, याच आकड्यावर येणार आहे.