ठिबकचं प्रॅक्टिकल: ३६ सेकंद कशासाठी?

कृषी अभियांत्रिकीला आलास ना, मग सूत्रं पाठ करण्याआधी ठिबकची समानता, म्हणजे सगळीकडे सारखं पाणी पडतं का, ते मोजायला शीक. मोजपात्र, स्टॉपवॉच, प्रेशर गेज. बाकी काही लागत नाही.

सबमेन म्हणजे उपमुख्य पाइप, तिच्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लॅटरल, आणि त्यांवरची थेंब सोडणारी तोंडं म्हणजे ड्रिपर. सबमेनवरच्या चार लॅटरल घे: पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची, शेवटची. प्रत्येकीवर याच चार जागांचे ड्रिपर, एकूण १६. दाब स्थिरावला की प्रत्येकाखाली नेमके ३६ सेकंद पाणी धर. मिलीला १० ने भागलं की थेट ताशी लिटर! ४ लिटरच्या ड्रिपरने ४० मिली द्यायला हवेत. पाणी नळीवरून ओघळत पात्राबाहेर पडतं, तिथेच बहुतेकांचं चुकतं. नळी जरा उचलून धर.

सर्वांत कमी चार आकड्यांची सरासरी भागिले सोळांची सरासरी, गुणिले १००. नव्वदच्या वर उत्तम. कमी चारांची सरासरी ३१ आणि सोळांची ३८ आली तर जेमतेम ८२.

कमी आकडे टोकालाच असतील तर एंड कॅप (टोकाचं बूच) काढून लॅटरल धू, मग दाब तपास. विखुरलेले असतील तर ड्रिपर उघड. पांढरा थर म्हणजे क्षार, त्याला आम्ल. बुळबुळीत असेल तर शेवाळ, त्याला क्लोरीन. दोन्ही एकत्र कधीच नाही, विषारी वायू सुटतो.

आणि जर्नलमध्ये मागच्या बॅचचे आकडे उतरवू नकोस. सोळाही ठिकाणी चाळीस दिसले की व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच.