टाचणाच्या मागचं कोरं पान

पहिला पाठ फसला म्हणून रडू नकोस गं. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, २० आठवड्यांची असते, सावरायला वेळ आहे. फक्त पाठानंतर लिहायच्या चिंतनात ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ असलं छापील वाक्य नको. (आम्हीही तेच खरडायचो म्हणा.) मुलांचं नेमकं काय चुकलं ते लिही. माझ्या सहावीच्या तासाला निम्म्या वर्गाने १/२ + १/३ = २/५ केलं; मी फळ्यावर बरोबर उत्तर लिहून पुढे सरकले. ‘अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, मग ती अर्ध्याहून कमी कशी झाली?’ एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. ते सुचलं संध्याकाळी, वहीत लिहिताना. तेव्हा पाठाच्या टाचणाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याच दिवशी लिही, घरची बस पकडायच्या आधी.